न काढलेल्या गोष्टींचं पान

ऑफिसात त्यांना सगळे स्केलकाका म्हणत. बत्तीस वर्षं इमारती मोजण्यात गेलेला माणूस. नकाशा मोजायची ती तीन कडांची पांढरी पट्टी खिशात असल्याशिवाय ते जेवायलाही बसत नसत, म्हणून हे नाव पडलं. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि शेवटी पगाराच्या पाकिटावर तेवढं छापायचं बाकी राहिलं.

काम तसं सांगायला सोपं. इमारत उभी राहण्याआधी ती कागदावर मोजायची. खोदाई किती, काँक्रीट किती, लोखंड किती, विटा किती, दारं किती. त्या आकड्यांवर कंपनी टेंडर भरते. आकडा जास्त धरला तर काम दुसऱ्याच्या घरात जातं, आणि कमी धरला तर आपल्याला मिळतं आणि मग वर्षभर डोक्याला हात लावून बसायची पाळी येते. "आपला धंदा म्हणजे न जन्मलेल्या मुलाचे कपडे शिवायचा," स्केलकाका म्हणत. "आणि पोर गुटगुटीत निघालं की शिंप्याला शिव्या."

थोरले साहेब होते तेव्हा या शिंपीकामाचे दोन नियम होते. पहिला, प्रत्येक इमारत दोघांनी दोन वेगळ्या खोल्यांत बसून मोजायची आणि आकडे जुळेपर्यंत एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. दुसरा, मोजणी संपली की शेवटी एक पान जोडायचं. त्या पानाला ते 'न काढलेल्या गोष्टी' म्हणत. नकाशावाला पूर्ण झालेली इमारत काढतो. ती होताना कशाच्या आधारावर उभी असते ते काढत नाही. खड्ड्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून ठोकायचे लोखंडी पत्रे, पाणी उपसायचे पंप, परांच्या, गाड्या फिरायला करावा लागणारा कच्चा रस्ता हे कुठल्याच नकाशात नसतं, आणि त्यावाचून कुठलीच इमारत होत नाही. नकाशा कुणीही मोजेल, थोरले साहेब म्हणायचे, माणूस कळतो तो या पानावरून.

थोरले साहेब गेले, धाकटे साहेब आले, आणि त्यांच्यामागून मॉडेल आलं. आता आर्किटेक्ट अख्खी इमारतच कॉम्प्युटरमध्ये बांधून पाठवत. बटण दाबलं की भिंतीपासून खिळ्यापर्यंत सगळ्याचे आकडे झाडावरून बोरं पडावीत तसे पडत. जिथे पंधरा दिवस लागायचे तिथे दोन दिवस पुरू लागले. मोजणी विभागात सात टेबलं होती, त्यांतली पाच एकेक करून उचलली गेली. राहिले स्केलकाका आणि त्यांची भाची.

भाचीला घरात ठमी म्हणत. धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. बाप लवकर गेला, शिक्षण मामांनी पाहिलं, नोकरीलाही मामांनीच लावलं. "दादा, पोरीला तुझ्या भरवशावर सोडलीय हो," बहीण म्हणाली होती. ऑफिसात ती त्यांना 'सर' म्हणे. एकदा मीटिंगमध्ये चुकून तोंडातून 'मामा' निघालं, तर पुढचा आठवडाभर चहावाल्यापासून अकाउंट्सपर्यंत सगळे स्केलकाकांना मामा म्हणत होते. मॉडेल मात्र ती असं चालवी की जणू जन्मतःच हातात माउस घेऊन आली होती.

त्या सोमवारी धाकट्या साहेबांनी दोघांना बोलावलं. चार मजल्यांच्या दवाखान्याचं काम होतं, खाली गाड्यांसाठी दोन तळघरं. शुक्रवारी तीन वाजता टेंडर जमा करायचं.

"आकडे मॅडमनी काढलेत. या वेळी 'मोजणी करणार' म्हणून नावही त्यांचंच," साहेब म्हणाले. "काका, तुम्ही एक नजर टाका आणि खाली 'तपासले' म्हणून सही करा."

"नजर केवढी टाकू?"

"शुक्रवारपर्यंत मावेल एवढी."

बाहेर आल्यावर ठमी हळूच म्हणाली, "मामा, पहिल्यांदाच माझं नाव लागतंय. कायम होऊन तीन महिने झालेत फक्त. काही राहिलं तर मान माझीच जाईल."

"मी आहे ना," स्केलकाका म्हणाले. म्हणताना त्यांना फार बरं वाटलं. पुष्कळ दिवसांत कुणाला ते कशासाठी हवे झाले नव्हते.

मंगळवारी त्यांनी अंगात कणकण आहे म्हणून रजा टाकली, कपाटात ठेवलेली या कामाची छापील शीटं काढली आणि जेवणाच्या टेबलावर पसरून हाताने मोजायला बसले. बायको दारात येऊन उभी राहिली.

"कणकण आहे ना? मग ताप काय पट्टीने मोजताय?"

"अगं, ठमीचं काम आहे. तपासून द्यायला नको?"

"ठमीचं आहे की तुमचं?" बायको म्हणाली आणि टेबलाचा रिकामा राहिलेला कोपरा पुसून आत गेली. तिला कमी बोलून जास्त टोचायची कला अवगत होती.

दुपारी चारच्या सुमाराला त्यांचा हात थांबला. इमारतीच्या तळाशी जो जाड काँक्रीटचा थर असतो, ज्याच्यावर सगळं उभं राहतं, तो तीस मीटर बाय बावीस, आणि जाडी नव्वद सेंटिमीटर. म्हणजे पाचशे चौऱ्याण्णव घनमीटर. ठमीच्या यादीत होते तीनशे शहाण्णव. त्यांनी पुन्हा गुणलं, मग तिसऱ्यांदा गुणलं. एकशे अठ्ठ्याण्णवचा फरक. काँक्रीटच्या एका गाडीत सहा घनमीटर मावतं. म्हणजे तब्बल तेहतीस गाड्या मॉडेलने खाल्ल्या होत्या आणि ढेकरही दिला नव्हता.

खरं तर त्यांनी तेव्हाच ठमीला फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही. पण छातीत कसला तरी गोड धडधडाट होत होता, आणि तो एकट्या ठमीसमोर वाया घालवायचा नाही असं त्यांना वाटलं. बत्तीस वर्षं मोजणी करणाऱ्या माणसाला यंत्राची चूक सापडली होती. ती पाचपन्नास नाही तरी निदान चार माणसांसमोर निघायला हवी. त्यांनी फोन खाली ठेवला.

बुधवारच्या मीटिंगला साहेब होते, खरेदीवाले होते, अकाउंट्सवाले होते आणि ठमी होती. स्केलकाका उभे राहून बोलले. एरवी ते बसून बोलत, आणि तेही कुणी विचारलं तर.

"तेहतीस गाड्या," त्यांनी सांगितलं. "मशीन हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण हुशार माणूसही कधी कधी तळच विसरतो."

खरेदीवाले हसले. ठमीचा चेहरा पांढरा पडला. ती पडद्यावर काहीतरी उघडत राहिली, पुन्हा बंद करत राहिली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "सर, तुमचं शीट कुठलं आहे?"

"कुठलं म्हणजे? हेच."

"कोपऱ्यात काय लिहिलंय?"

प्रत्येक नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. नकाशा बदलला की त्या चौकटीत अक्षर बदलतं. ठमी नोकरीला लागली त्या पहिल्या दिवशी मामांनी तिला दुसरं काही शिकवलं नव्हतं: आधी कोपरा वाच, मग पट्टी लाव. स्केलकाकांनी आता कोपरा वाचला. तिथे 'सी' होतं.

"आता 'एफ' चालू आहे, सर," ठमी म्हणाली. "महिन्यापूर्वी थराची जाडी साठ केली. नवीन नकाशे कागदावर येत नाहीत, मॉडेलमध्येच बदलतात. मला वाटलं, तुम्हाला..." पुढचं तिने गिळलं.

कुणी मोठ्याने हसलं असतं तर बरं झालं असतं. साहेब समजुतीने हसले. "जाऊ द्या हो काका. मॅडमनी पाहिलं म्हणून, नाहीतर तेहतीस गाड्या जास्त धरून आपण कामच घालवून बसलो असतो." अकाउंट्सवाल्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. आजाऱ्यापुढे सरकवतात तसा.

गुरुवारी ते सगळ्यांच्या आधी ऑफिसात आले आणि मॉडेलची यादी पहिल्या ओळीपासून वाचू लागले. आता चूक शोधायची नव्हती. सही करण्याआधी निदान वाचलं असं स्वतःला सांगता यावं एवढंच. दोनशे चौदा ओळी. वाचून संपल्या तरी काहीतरी हुकल्यासारखं वाटत राहिलं. गर्दीतून घरी आल्यावर खिसा हलका लागतो, तसं.

मग लक्षात आलं. खड्डा साडेसात मीटर खोल. शेजारच्या जुन्या दुमजली घराची भिंत खड्ड्यापासून जेमतेम तीन मीटर. माती तपासणीच्या अहवालात लिहिलेलं, पावणेतीन मीटरवर पाणी. आणि यादीत ना कडांना आधार देणारे पत्रे, ना पंप. एक ओळ नाही. कशी असणार? आर्किटेक्टने ते काढलंच नव्हतं, आणि जे काढलेलं नाही ते मॉडेल मोजत नाही. शेवटच्या पानाची गोष्ट होती ही, आणि ते पान जोडणं धाकट्या साहेबांनी दोन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं.

त्यांनी ठमीला जिन्यात गाठलं. तिने त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. कालचा राग तिच्या चेहऱ्यावर नव्हता, हे त्यांना जास्त लागलं.

"खरंय, मामा. माझ्या डोक्यातच आलं नाही. पण त्याचे पैसे मालक वेगळे देणार असतील का?"

त्यांनी टेंडरच्या अटी आणल्या. अट सत्तावीस: नकाशात दाखवलेलं असो वा नसो, काम पूर्ण करायला लागेल ते सर्व ठेकेदाराने करायचं. ठमीने ती दोनदा वाचली. "मग आपण मेलोच की."

"मेलो नाही. अजून उद्याचे तीन वाजायचेत."

तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसून, त्यांनी पान लिहिलं. वर 'न काढलेल्या गोष्टी', खाली तारीख, मग पत्र्यांची लांबी, पंप किती, किती महिने. अक्षर नेहमीसारखं सुबक. ठमीने आकडे तपासले, एका ठिकाणी बेरीज दुरुस्त केली. "मीपण येऊ का आत?"

"नको. तू कशाला उगाच मध्ये? मी सांगतो."

धाकटे साहेब फोनवर होते. फोन संपला तेव्हा स्केलकाकांनी पान पुढे न करता नुसतंच हातात धरून सांगितलं. साहेबांनी ऐकलं. चिडले नाहीत. चिडले असते तर कदाचित स्केलकाकाही चिडले असते, आणि पुढचं सगळं टळलं असतं. साहेबांनी फक्त एकच विचारलं, "काका, नक्की?"

साधा प्रश्न होता. उत्तरही साधं होतं. अहवाल होता, अट होती, डोळ्यांसमोर तीन मीटरवरची भिंत होती. पण कालही ते असेच नक्की होते. कालही तीनदा गुणलं होतं. स्केलकाकांनी आपल्या आत ते 'हो' शोधलं, आणि त्यांना तिथे एक पाण्याचा ग्लास पुढे सरकताना दिसला.

"बहुतेक," ते म्हणाले.

"बहुतेक म्हणजे? एवढं वाढवलं तर काम हातचं जाईल, काका. बहुतेकवर कसं वाढवू?"

"नाही, म्हणजे... मी परत एकदा बघतो."

"बघा," साहेब म्हणाले आणि त्यांनी दुसरा फोन उचलला.

बाहेर ठमी उभीच होती. "दिलंत? काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले," स्केलकाकांनी सांगितलं. पान चार घड्या होऊन त्यांच्या खिशात गेलं होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी ठमीच्या नावाखाली 'तपासले' लिहून सही केली. ठमीला वाटलं, साहेबांनी पाहिलं असेल, विचार करून धोका पत्करला असेल. मोठी माणसं पत्करतात. तिने पुन्हा विचारलं नाही. आणि त्यांनी सांगितलं नाही.

काम मिळालं. दुसऱ्या नंबरच्या कंपनीपेक्षा यांचा भाव इतका खाली होता, की मोजणीच्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाने आकडे पुन्हा तपासायला घेतले असते. ऑफिसात टाळ्या वाजल्या. साहेबांनी ठमीचं नाव घेऊन कौतुक केलं. स्केलकाकांनीही टाळ्या वाजवल्या.

खोदाई सुरू झाल्यावर अकराव्या दिवशी पाणी लागलं. तेराव्या दिवशी कडेची माती सरकली आणि शेजारच्या घराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत हात जाईल एवढी भेग पडली. माणसं बाहेर होती म्हणून वाचली. काम थांबवण्याची नोटीस आली, घरमालकाची नोटीस आली, मग पत्रे आणि पंप मिळेल त्या भावाने आणावे लागले. दोन महिन्यांत कंपनीच्या घशाशी आलं. बाकीच्या साइटवरचे पगार लांबले. आणि एका सोमवारी ठमीच्या टेबलावर पत्र आलं: मोजणीतल्या निष्काळजीपणाबद्दल सेवा समाप्त. ते एक वाक्य पत्रात असल्यावर तिला पुन्हा कुठे कुणी मोजायला बसवणार नव्हतं. हा धंदा लहान; सगळे सगळ्यांना ओळखतात.

त्या दिवशी स्केलकाकांनी ऑफिसच्या कपाटातून ती चार घड्यांची चिठोरी काढली आणि साहेबांच्या केबिनचं दार न वाजवता आत गेले.

साहेबांनी पान वाचलं. तारीख वाचली. पुन्हा पान वाचलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मी आलो होतो, साहेब. तुम्ही नक्की का म्हणून विचारलंत..."

"आठवतंय मला." साहेबांनी उठून दार लावून घेतलं. दोन महिन्यांत त्यांचे केस कानाशी पांढरे झाले होते. "काका, विमा कंपनीचा माणूस आलाय चौकशीला. आपल्या लोकांची नजरचूक असेल तर ते बरंचसं भरून देतील. पण चूक कळली असूनही टेंडर भरलं असं निघालं तर छदाम देणार नाहीत. या कागदाने ती पोरगी सुटेल, आणि आपण सगळे बुडू. चाळीस घरं आहेत."

"मग ठमीचं काय?"

"वर्षभरात सगळं थंड झालं की मी स्वतः तिला बोलावीन. शब्द देतो."

साहेबांच्या टेबलाशेजारी कागद कापायचं यंत्र होतं. साहेबांनी पान त्यात घातलं नाही. ते नुसतं यंत्राच्या बाजूला टेबलावर ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पुढचं स्केलकाकांनी स्वतःच्या हाताने केलं. चाळीस घरांसाठी केलं, असं ते घरी जाताना रस्ताभर स्वतःला सांगत होते. पण बस घराच्या वळणावर आली तेव्हा ते स्वतःशी थोडं खरं बोलले. साहेब "माहीत होतं" म्हणाले होते, ते त्यांना पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. न कळणारा म्हातारा म्हणून राहणं सोपं होतं. कळून गप्प बसलेला म्हातारा म्हणून राहणं त्यांना झेपलं नसतं. यंत्र किती पटकन चाललं होतं! सबंध पानाला चार सेकंदही लागले नाहीत.

रविवारी बहिणीने जेवायला बोलावलं. ते जाणार नव्हते, बायकोने ढकललं. बहिणीने दार उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रडल्याची खूण नव्हती, उलट बऱ्याच दिवसांनी केस नीट विंचरलेले होते. ठमी आतून ताटं घेऊन आली. "मामा, बसा. तुमच्याशी बोलायचंच होतं."

बहीण म्हणाली, "आधी जेवू दे गं त्याला."

"जेवता जेवता सांगते ना. मामा, तो विम्याचा माणूस काल इथे आला होता. माझा जबाब घ्यायला."

स्केलकाकांनी उचललेला घास ताटात परत ठेवला.

"मी सगळं खरं ते सांगितलं. म्हटलं, ओळ माझ्याकडून राहिली, नाही म्हणत नाही. पण आदल्या दिवशी माझ्या वरिष्ठांच्या लक्षात आलं, त्यांनी लेखी कळवलं, मी स्वतः त्या पानावरची बेरीज दुरुस्त केलीय, आणि ते पान घेऊन ते साहेबांच्या केबिनमध्ये गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. लिहून दिलं, खाली सही केली." ती भात वाढत होती. "तो म्हणाला, हे सिद्ध झालं तर निष्काळजीपणाचा ठपका राहूच शकत नाही. मी म्हटलं, सिद्ध काय व्हायचंय? साहेबांनी त्यांची प्रत दडवली तरी मामांकडे असणारच. माझे मामा कागद फेकत नाहीत. अहो, तुमच्याकडे वीस वर्षांपूर्वीची शीटं आहेत!"

बहीण हसली. "आईची किराणा यादीसुद्धा असेल याच्याकडे."

"आणि नसलं तर?" स्केलकाकांनी विचारलं.

"नसलं तर मी खोटारडी," ठमी हसत म्हणाली. "नोकरी गेलेली बाई कंपनीवर सूड उगवते म्हणतील. पण आहे ना. उद्या अकरा वाजता त्यांच्या ऑफिसात दोघांना बोलावलंय. तुम्ही काही बोलू नका हवं तर; मला माहितेय तुम्हाला चारचौघांत अवघड होतं. फक्त ते पान घेऊन या."

बहिणीने भावाच्या पाठीवर हात ठेवला. दोघांचे वडील गेले तेव्हा ठेवला होता, त्यानंतर कधी ठेवला नव्हता. "दादा, तू होतास म्हणून हो," ती म्हणाली.

स्केलकाकांनी मान हलवली. ते हो म्हणत होते की नाही, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. ठमीने हो धरलं, आणि कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली. ते समोर बसून तिच्याकडे पाहत राहिले, आणि तिचं जेवण संपू नये असं त्यांना वाटत राहिलं.